दूध सेंटरचं सॉफ्टवेअर गिटहबवर टाकू का?

पत्र

ताई नमस्कार, मी सांगली जिल्ह्यातला, सध्या पुण्यात एका आयटी कंपनीत आहे. गावाकडं काकांचं दूध संकलन केंद्र आहे, त्यांच्यासाठी मी एक सॉफ्टवेअर लिहिलं. फॅट मशीन आणि वजनकाट्यावरून रीडिंग घेतं, रेट चार्ट लावतं, पावती काढतं, शेतकऱ्याला एसएमएस पाठवतं आणि दहा दिवसांचं बिल काढतं. बघता बघता ते आजूबाजूच्या ३८ सेंटरवर गेलं, वर्षाला ४ हजार घेतो. मोबाईल अॅप मित्राने लिहिलंय. आता शनिवार-रविवार सगळा यातच जातो. मित्र म्हणतो गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, टाकून ओपन सोर्स करू, म्हणजे कोड कोणालाही बघायला, बदलायला आणि वापरायला मोकळा, लोक येऊन हातभार लावतील, आपलं नाव होईल. वडील म्हणतात डोकं फिरलंय का, फुकट कशाला वाटतोस. आणि कोल्हापूरचा एक मशीन डीलर सोर्स कोडसकट ६ लाखाला मागतोय. मला भीती एकच, उद्या कोणीतरी माझाच कोड उचलून माझ्याच गिऱ्हाइकांना विकेल. काय करू? — अ., पुणे

उत्तर

अ., नोकरीला लागताना ऑफर लेटरबरोबर एक लांबलचक करार आला असणार, तो तू वाचला होतास का? बहुतेक नाही, कोणीच वाचत नाही, शेवटच्या पानावर सही करून स्कॅन पाठवतो आपण. आज रात्री तो शोध आणि वाच, कारण मित्र, वडील आणि डीलर तिघंही हा कोड तुझाच आहे असं धरून चाललेत आणि तू पण.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीच्या कामाचा भाग म्हणून जे लिहिलं त्याचा पहिला मालक कंपनी असते, वेगळा करार नसेल तर. तू हे घरी, स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या लॅपटॉपवर केलंस आणि कंपनीच्या धंद्याशी दुधाचा काही संबंध नाही, तर साध्या बुद्धीने ते तुझंच. पण बऱ्याच आयटी कंपन्यांच्या करारात एक वाक्य घुसवलेलं असतं की नोकरीच्या काळात जे काही बनवशील ते आमचं, कधीकधी 'कामाच्या वेळेबाहेर बनवलेलंसुद्धा'. शिवाय दुसरं कुठलंही उत्पन्न घेऊ नये असंही कलम असतं, आणि ३८ सेंटरचे ४ हजारप्रमाणे वर्षाला १ लाख ५२ हजार होतात ते उत्पन्नच झालं ना. २०२२ मध्ये विप्रोने मूनलायटिंगच्या, म्हणजे नोकरी करता करता दुसरीकडे काम केल्याच्या, कारणावरून ३०० जणांना काढलं होतं, ते लोक प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करत होते, तुझी केस तशी नाही, पण विषय किती गरम आहे ते यावरून समज.

अजून एक, टर्मिनल उघडून गिट लॉग, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंदवही, बघ. कमिटवर, म्हणजे बदलाच्या प्रत्येक नोंदीवर, ईमेल कुठला आहे? खूप जणांचं असं होतं की कधीतरी ऑफिसच्या सेटअपमध्ये ग्लोबल कॉन्फिग टाकलेलं असतं आणि घरच्या प्रोजेक्टच्या प्रत्येक कमिटवर कंपनीचा मेल आयडी छापला जातो, आणि वेळ मंगळवार दुपारी ३:१०. हे गिटहबवर सगळ्यांना दिसणार. तसं काही असेल तर आधी करार एखाद्या वकिलाला दाखव आणि मगच एचआरला लेखी विचार. कंपनीत ओपन सोर्सच्या परवानगीची पद्धत ठरलेली असेल तर तीच वापर. तोंडी 'हो रे कर' चालणार नाही, तो मॅनेजर सहा महिन्यांत दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

मित्राचंही तेच. अॅप त्याने लिहिलं म्हणजे त्याचा कॉपीराइट त्याचा, तू एकटा ते ओपन करू शकत नाहीस आणि एकटा विकूही शकत नाहीस. आज तो उत्साहात आहे म्हणून आजच दोघांमध्ये एक पानभर लिहून घ्या, कोणी काय लिहिलं, लायसन्स, म्हणजे कोड कोणी कुठल्या अटींवर वापरायचा ते, कोण ठरवणार, पैसे आले तर वाटणी कशी. व्हिडिओ बघायचं व्हीएलसी प्लेयर माहितीच आहे तुला, त्यांना २०११-१२ च्या सुमारास त्याच्या इंजिनचं लायसन्स जीपीएलवरून जरा सैल अशा एलजीपीएलवर न्यायचं होतं तर इतक्या वर्षांत ज्यांनी ज्यांनी कोड दिला त्या सगळ्यांना हुडकून हुडकून परवानगी घ्यावी लागली. तुम्ही दोघंच आहात तोवर हे काम एका चहात होतं.

आता तुझी भीती. कोणी कोड उचलला तर काय?

मला सांग, सेंटरवाला ४ हजार कशाचे देतो? सकाळी सहा वाजता कॅन घेऊन माणसं रांगेत उभी, आणि स्क्रीनवर फॅटचं रीडिंगच येत नाही. तू पुण्यात झोपेतून उठून एनीडेस्कवर, म्हणजे लांबून त्यांचा पीसी उघडून, बघतोस तर काय, रात्री कोणीतरी मोबाईल चार्ज करायला यूएसबी-सिरियलची वायर काढली आणि सकाळी शेजारच्या पोर्टला लावली, विंडोजने पोर्टचा नंबर कॉम ३ चा कॉम ७ केला, सॉफ्टवेअर बिचारं अजून ३ वरच वाट बघत बसलंय. दोन मिनिटांचं काम, पण ती दोन मिनिटं सकाळी सहाला मिळणं यालाच तो पैसे देतो. दूध संघाने रेट चार्ट बदलला की त्याच संध्याकाळी तो लागला पाहिजे, पशुखाद्याची उचल बिलातून बरोबर कापली गेली पाहिजे, एसएमएससाठी डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, हेडर आणि टेम्प्लेट रजिस्टर करायची कटकट तू केलेली आहेस. यातलं काहीही गिटहबवरून डाऊनलोड होत नाही. सेंटरवाला स्वतः कोड उतरवून, बिल्ड करून, डेटाबेस लावून वापरेल का? तूच सांग.

म्हणजे भीती अगदीच खोटी आहे असं नाही हं. तुझा कोड खरोखर ज्याच्या उपयोगाचा आहे असा एकच माणूस तुझ्या पत्रात आहे, तो डीलर. त्याची पोरं मशीन दुरुस्तीला रोज सेंटरवर फिरतातच, त्याच्याकडे फक्त सॉफ्टवेअर नाहीये. त्यामुळे लायसन्स निवडताना दुनियेचा विचार करू नकोस, त्या एका माणसाचा कर. एमआयटी हे सैल लायसन्स लावलंस तर तो आपला लोगो चिकटवून, तुझी कॉपीराइटची ओळ कुठल्यातरी फाइलमध्ये ठेवून, बंद डब्यात विकू शकतो, आणि ते शंभर टक्के कायदेशीर असेल, मग फेसबुकवर रडायचं नाही. जीपीएल लावलंस तरी तो विकू शकतो, विकायला जीपीएल मना करत नाही, हे खूप जणांना माहीत नसतं, पण ज्याला विकेल त्याला बदलासकट सोर्स द्यावा लागेल आणि पुढे वाटायचा हक्कही. एजीपीएलमध्ये भर एवढीच की कोड बदलून नुसता सर्व्हरवर चालवला, कोणाला कॉपी दिली नाही, तरी वापरणाऱ्यांना सोर्स मिळाला पाहिजे. तुझं सेंटरचं सॉफ्टवेअर डेस्कटॉपवर आणि बिलाचा भाग सर्व्हरवर असेल असं धरते, तर पूर्ण ओपन करायचंच असेल तर मी एजीपीएल म्हणेन. आणि ते 'नॉन-कमर्शियल वापरासाठीच फुकट' असं स्वतः काहीतरी लिहू नकोस, ते ओपन सोर्स नाही, धंद्यात वापरायला बंदी घातली की ती व्याख्याच मोडते. काहीच लायसन्स न लावता टाकलंस तर सगळे हक्क राखीव, लोकांनी नुसतं बघायचं. तो तर ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार.

पण खरं सांगू का, लायसन्स मोडलं म्हणून तू त्या डीलरवर केस करणार आहेस का? वकील, तारखा, पुणे-कोल्हापूर फेऱ्या? नसशील करणार तर लायसन्सचा दरारा तेवढाच धर.

नावाचं मात्र बघ. कोडचं लायसन्स दिलं म्हणजे नावाचा हक्क गेला असं नसतं. एलास्टिकसर्च या शोधाच्या सॉफ्टवेअरचा फोर्क, म्हणजे तोच कोड घेऊन काढलेली वेगळी शाखा, अॅमेझॉनने २०२१ मध्ये केला तेव्हा त्यांनाही नवं नाव शोधावं लागलं, ओपनसर्च. एकट्या माणसाला ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज एका वर्गासाठी ४,५०० रुपयांत करता येतो, म्हणजे एका सेंटरच्या वर्षाच्या फीपेक्षा थोडं जास्त. ३८ गावांत लोक नावाने ओळखतात, ते कोडपेक्षा महाग आहे.

आता मित्राचं 'लोक येतील आणि हातभार लावतील'. कोण येणार? ज्याला सिरियल पोर्ट कळतो, आणि एसएनएफ, म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक, काढायच्या सूत्रात प्रत्येक डेअरीचा आकडा वेगळा का असतो तेही कळतं, आणि वर ज्याला रविवारी फुकट काम करायचंय, असा माणूस मिळाला तर मलाही भेटव. येतात ते इश्यू, म्हणजे तक्रारी. 'माझ्या मशीनवर चालत नाही', मशीन कुठलं ते लिहिलेलं नसतं, स्क्रीनशॉट मोबाईलने काढलेला, अर्ध्यात फ्लॅश. तुझा शनिवार-रविवार मोकळा होणार नाही, उलट त्यात अनोळखी लोकांची भर पडेल. आणि एखादा भला माणूस आलाच, तर पटकन सगळ्या चाव्या त्याच्या हातात देऊ नकोस. २०२४ मध्ये एक्सझेडचं, म्हणजे फाइल दाबून लहान करणाऱ्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरचं, जे झालं ते वाचलं असशील, ते सांभाळणारा एकटा थकलेला मेंटेनर, दोन-अडीच वर्षं गोड बोलून मदत करणारा एक 'जिया टॅन', आणि शेवटी रिलीजमध्ये बॅकडोर, म्हणजे चोरदरवाजा. लांबून सर्व्हरवर शिरायच्या एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून आंद्रेस फ्रॉइंड नावाचा इंजिनिअर खोदत गेला म्हणून सापडलं. तुझ्या सॉफ्टवेअरमधून लोकांची बिलं निघतात, तिथे कोणी फॅटच्या पॉइंटात खेळ केला तर लॉगिनसारखं हळू पण होणार नाही, कळणारच नाही.

वीकेंडचं उत्तर ओपन सोर्समध्ये नाहीये, ते तुझ्या फीमध्ये आहे. वर्षाला ४ हजार म्हणजे महिन्याला ३३३ रुपये, अरे त्यात सकाळी सहाचा सपोर्ट? दुप्पट कर, गावातलाच एक बीसीए झालेला मुलगा पार्टटाइम धर, कॉम पोर्टचं दुखणं त्याला शिकव. काही सेंटर सोडून जातील, जाऊ देत.

वडिलांचं म्हणणं चुकीचं नाही, पण अर्धं आहे. कोड मोकळा ठेवून पोट भरणाऱ्या कंपन्या आपल्याकडेच आहेत, मुंबईची फ्रॅपे बघ, त्यांचं धंद्याचा हिशोब आणि साठा सांभाळणारं ईआरपीनेक्स्ट पूर्ण जीपीएलवर आहे, कोणीही घ्या, आणि ते पैसे कमावतात होस्टिंग आणि सपोर्टवर. हे वडिलांना दाखव. पण झेरोधाचं उदाहरण कोणी दिलं तर जरा थांब, त्यांनी ईमेल पाठवायच्या लिस्टमंकसारखी चांगली सॉफ्टवेअरं ओपन केलीत, वर २०२४ पासून ओपन सोर्स प्रोजेक्टना वर्षाला १० लाख डॉलर वाटायचा फंडही काढलाय, कौतुकच आहे, पण त्यांची चूल शेअर ब्रोकिंगवर पेटते, लिस्टमंकवर नाही. तुझं तसं नाही.

आता एक गोष्ट जी पत्रात कोणीच बोललेलं नाही आणि मला विचारशील तर ओपन करायचं सगळ्यात चांगलं कारण तेच आहे. शेतकऱ्याचा विश्वास. सेंटरवर दूध घालणाऱ्या कुठल्याही माणसाला विचार, फॅट बरोबर लागतं का? तो हसेल. समज मशीनने ३.४७ दाखवलं आणि तुझ्या कोडने एक दशांश ठेवताना पुढचा आकडा नुसता कापला, तर ३.४ झाले, राउंड केलं असतं तर ३.५. पायाभूत दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला, एका पॉइंटला, म्हणजे ०.१ फॅटला, ३० पैसे धर, २० लिटर दूध म्हणजे दिवसाला ६ रुपये, बिलाला ६० रुपये, आणि हे कोणी ठरवलं तर तुझ्या एका फंक्शनने, कदाचित तुला आठवत पण नसेल तेव्हा फ्लोर वापरलं की राउंड. हा हिशोब उघड्यावर असणं याला किंमत आहे. एखाद्या शेतकऱ्याची बीएस्सीला असलेली मुलगी तो वाचून पावतीशी ताडून बघू शकते. अर्थात फार हुरळून जाऊ नकोस, गिटहबवरचा कोड आणि सेंटरच्या पीसीवर चालणारा कोड एकच आहे हे कोण बघणार, आणि खरा खेळ मशीनच्या कॅलिब्रेशनमध्ये होतो, तिथे तुझा कोड पोचतच नाही. पण निदान दर काढायचं सूत्र तरी उघडं कर, ते तर एका पानावर छापून सेंटरच्या भिंतीला पण लावता येईल.

डीलरचे ६ लाख. तुझी चार वर्षांची फी म्हणजे ६ लाख ८ हजार, तर त्याने हिशोब बरोबर केलाय, तुझ्या कष्टाचे शून्य धरून. तू खरंच कंटाळला असशील तर विकणं हे पाप नाही, मी नावं ठेवणार नाही. पण कॉपीराइट विकायचा करार लेखी लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर कायद्याने पाच वर्षं आणि जागा लिहिली नसेल तर भारतापुरता धरतात, म्हणून त्याचा वकील 'कायमचा, जगभर' लिहीलच, तिथे नीट वाच. आणि सगळे हक्क दिलेस तर ओपन सोर्सचं दार बंद. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरची गोष्ट माहितीये? कंपनी बुडाली, कोड गुंतवणूकदारांच्या हातात अडकला, आणि २००२ मध्ये तो सोडवायला लोकांनी वर्गणी काढून १ लाख युरो जमवले, तेही सात आठवड्यांत. दूध सेंटरच्या सॉफ्टवेअरसाठी कोणी वर्गणी काढणार नाही. त्यापेक्षा डीलरला विचार, मालकी माझ्याकडे, तुला वापरायचं आणि विकायचं लायसन्स देतो, दर सेंटरमागे एवढे. अॅपचे स्क्रीन बनवायचं सॉफ्टवेअर काढणारे क्यूटीवाले हेच करतात, एकच कोड, ज्याला ओपनच्या अटी चालतात त्याने तसा घ्यावा, ज्याला बंद हवाय त्याने पैसे मोजावेत. फक्त त्यासाठी सगळा कोड तुमच्या दोघांचाच असला पाहिजे, बाहेरच्या माणसाने पाठवलेले बदल (पॅच) परवानगी न घेता आत घेतले की हे जमत नाही.

तर माझं मत. सगळं आत्ता टाकू नकोस, मशीनचं रीडिंग घेणारा भाग तेवढा वेगळा काढ, पोर्ट उघडणं, वेगवेगळ्या मशीनची येणारी ओळ फोडून फॅट, एसएनएफ, पाण्याचे आकडे काढणं, आणि तो एमआयटी किंवा तसंच सैल असलेल्या अपाचे २.० लायसन्सने मोकळा कर. तो डीलरने उचलला तरी बिघडत नाही, उलट त्याच्याकडच्या नव्या मशीनचा फॉरमॅट त्यात आला तर तुझाच फायदा, शिवाय त्यात ना दर आहेत ना कोणाचा डेटा. सहा महिने तेवढंच सांभाळून बघ, इश्यूंना उत्तरं देणं झेपतंय का, आवडतंय का. मग बाकीचं एजीपीएलवर टाकायचं की नाही ते ठरव. घाई नको म्हणते कारण एकदा ज्या लायसन्सने दिलं ती आवृत्ती परत घेता येत नाही, पुढच्या आवृत्तीचं लायसन्स बदलता येतं पण लोक जुनी घेऊन पुढे जातात. हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये सर्व्हर उभे करायच्या टेराफॉर्मचं लायसन्स बदललं तर दीड महिन्यात त्याचा फोर्क ओपनटोफू लिनक्स फाउंडेशनकडे, रेडिस या डेटाबेसने मार्च २०२४ मध्ये बदललं तर लगेच त्याचा फोर्क व्हॅल्की. एवढ्या मोठ्यांचं असं, तर तुझं काय.

आणि जे काही टाकशील ते जुन्या रेपोची, म्हणजे कोड आणि त्याच्या हिस्टरीच्या साठ्याची, पब्लिक-प्रायव्हेटची कळ दाबून टाकू नकोस! माझी पैज आहे, टेस्ट डेटा म्हणून त्यात काकांच्या सेंटरचा खरा बॅकअप कधीतरी कमिट झालेला असणार, शेतकऱ्यांची नावं, मोबाईल, बँक खाती सगळं. नंतर डिलीट केलं म्हणशील, पण गिटच्या हिस्टरीत ते तसंच असतं, कोणीही मागे जाऊन काढू शकतो. एसएमएस पाठवायच्या गेटवेची की, म्हणजे गुप्त किल्ली, पण असेल, ती लगेच बदल, नुसती पुसून उपयोग नाही. सरळ नवा रेपो कर, स्वच्छ फोल्डर, पहिला कमिट, जुनी हिस्टरी स्वतःकडे प्रायव्हेट ठेव, कोणी काय कधी लिहिलं याचा तोच तुझा पुरावा आहे. वैयक्तिक डेटाचा २०२३ चा कायदा आहेच, पण कायदा राहू दे, गावात तोंड दाखवायचंय तुला.

क्रम असा धर, करार, मग मित्राबरोबरचा कागद, मग मशीनचं रीडिंग घेणाऱ्या भागाचा रेपो. डीलरला तोवर 'घरी विचारून सांगतो' म्हण, वडिलांचं नाव अशा वेळी फार कामाला येतं. आणि ३८ सेंटरना नवी फी याच महिन्यात कळव, दिवाळीच्या तोंडावर सांगितलीस तर दूध फरकाच्या, म्हणजे दिवाळीच्या बोनसच्या, वाटपात कोणी तुझा फोन पण उचलणार नाही.